काटकसरीचा गाभा

मोबाइल फोन, कानात घालायचे वायरलेस इअरफोन, मनगटावरचे स्मार्ट घड्याळ, दुकानातले कार्ड घासायचे यंत्र. बॅटरीवर चालणारी अशी एखादी वस्तू उघडली, तर आतल्या चिपमध्ये आकडेमोड करणारा जो प्रोसेसरचा गाभा असतो, तो बहुतेक वेळा 'आर्म' या एकाच घराण्यातला निघतो. इंग्लंडमधल्या केंब्रिजात १९८५ साली या घराण्याचा पहिला प्रोसेसर चालू झाला, आणि आजवर या वंशाच्या २५,००० कोटींहून अधिक चिप्स बाजारात गेल्या आहेत. हा इतिहास साधारणपणे दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एका तऱ्हेत काही द्रष्ट्या अभियंत्यांना खिशातल्या उपकरणांचे युग आधीच दिसले होते आणि त्यांनी त्यासाठी कमी वीज खाणारा प्रोसेसर घडवला. दुसऱ्या तऱ्हेत सगळा योगायोग आहे: करायला गेले एक आणि झाले भलतेच. मला दोन्ही तऱ्हा अपुऱ्या वाटतात. पहिली वीस वर्षे या गाभ्याची वीज जिथे वाचली, तिथे बहुतेक वेळा मुळात पैसा वाचवायचा होता. चिपवरचा प्रत्येक ट्रान्झिस्टर जागा अडवतो, म्हणून त्याला किंमत पडते. आणि तोच ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना वीज खातो. त्यामुळे पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्याच्या वहीत मिलिवॅटचा हिशेब आपोआप लिहिला जात होता. याला दूरदृष्टी म्हणता येणार नाही, पण योगायोगही म्हणता येणार नाही. ज्यांच्या गाठीशी पैसा नव्हता, त्यांना दुसरा मार्गच नव्हता.

सुरुवात एकॉर्न कॉम्प्युटर्सपासून करावी लागते. हर्मन हाउझर आणि ख्रिस करी यांनी १९७८ मध्ये केंब्रिजला ही कंपनी काढली. बीबीसीच्या संगणक-साक्षरता मोहिमेसाठी यंत्र पुरवण्याचे काम तिला मिळाले आणि १९८१च्या अखेरीस 'बीबीसी मायक्रो' बाजारात आला. ब्रिटनमधल्या शाळाशाळांत तो पोहोचलाच, पण १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शाळांसाठी जी 'क्लास' योजना सुरू केली, तिच्यातही हेच यंत्र निवडले गेले. आपल्याकडच्या एका पिढीतल्या काही विद्यार्थ्यांनी पहिला प्रोग्राम त्याच्याच कीबोर्डवर लिहिला. या यंत्रातला ६५०२ हा आठ बिटांचा प्रोसेसर स्वस्त आणि चपळ होता, पण त्याचे दिवस भरत आले होते. एकॉर्नच्या मंडळींनी मोटोरोलाचा ६८०००, नॅशनल सेमिकंडक्टरचा ३२०१६ असे मोठे प्रोसेसर तपासून पाहिले आणि त्यांची निराशा झाली. मेमरीतून जितक्या वेगाने माहिती येऊ शकत होती, तितक्या वेगाने ती घेणे या प्रोसेसरांना जमत नव्हते, आणि बाहेरून आलेल्या हाकेला ओ द्यायलाही ते फार वेळ लावत. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे निबंध त्यांच्या हाती पडले. मोजक्या आणि साध्या सूचनांचा प्रोसेसर, म्हणजे ज्याला 'रिस्क' म्हणतात तो, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बनवून दाखवला होता. १९८३च्या ऑक्टोबरात सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर अमेरिकेत ॲरिझोनाला गेले. ६५०२चा पुढचा अवतार घडवणारे वेस्टर्न डिझाइन सेंटर तिथे होते. मोठ्या कारखान्याची अपेक्षा ठेवून गेलेल्या या दोघांना तिथे थोडीशी माणसे आणि साधी साधने दिसली. इतक्या थोड्या माणसांत प्रोसेसर घडतो, तर आपल्यालाही घडवता येईल, हा धीर घेऊन ते परतले. विल्सन यांनी सूचनांचा संच ठरवला आणि त्याची नक्कल बीबीसी मायक्रोच्याच बेसिक भाषेत लिहून चालवून पाहिली. फर्बर यांनी आतली मांडणी रेखली. हाउझर पुढे सांगत असत की इंटेल आणि मोटोरोलाने आपल्या अभियंत्यांना जे कधीच दिले नाही ते आपण दिले: पैसा नाही आणि माणसेही नाहीत. बोलणे गमतीत होते, पण या प्रोसेसरच्या रचनेची सारी मर्यादा त्यात आली. चारपाच माणसांनी दीड वर्षात जे तपासून, पडताळून पुरे करायचे, ते लहानच असावे लागते. पहिल्या आर्ममध्ये सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. १९८५ मध्येच आलेल्या इंटेलच्या ८०३८६ मध्ये २,७५,००० होते.

विजेचा प्रश्न मात्र एका वेष्टनाच्या निमित्ताने आला, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. सिलिकॉनचा तुकडा नुसता वापरता येत नाही. त्याला पाय असलेल्या आवरणात बसवावे लागते. आवरण दोन जातींचे असे. सिरॅमिकचे आवरण उष्णता सोसते पण महाग पडते. प्लॅस्टिकचे स्वस्त असते, पण चिप फार तापली तर ते चालत नाही. एकॉर्नला शाळांना आणि घरांना परवडेल असा संगणक विकायचा होता, म्हणून प्लॅस्टिकच हवे होते, आणि प्लॅस्टिक हवे तर चिपने एका वॅटच्या आत राहायला हवे. आता अडचण अशी की चिप नेमकी किती वीज खाईल याचा आगाऊ अंदाज देणारी चांगली साधने या चमूकडे नव्हती. मग त्यांनी प्रत्येक टप्प्यावर हात आखडता घेतला. कुठे शंका आली की कमी खर्चाची बाजू धरली. सगळीकडे थोडेथोडे राखून ठेवले की बेरीज मोठी होते, आणि तसेच झाले. व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी या कंपनीने बनवलेली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी केंब्रिजला आली आणि पहिल्याच फटक्यात चालली. चाचणीच्या पाटावर फर्बर यांनी तिचा वीजप्रवाह मोजायला ॲमीटर लावला, तर काटा शून्यावर. चिप तर काम करत होती. शोध घेतल्यावर कळले की पाटावरून चिपला वीज पुरवणारी जोडणीच झालेली नव्हती. आजूबाजूच्या सर्किटांकडून येणाऱ्या संकेतांच्या तारांमधून, संरक्षणासाठी ठेवलेल्या डायोडांतून जो थोडाथोडका प्रवाह आत झिरपत होता, तेवढ्यावर प्रोसेसर चालला होता. नीट जोडणी केल्यावरही खर्च एक-दशांश वॅटच्या आसपास निघाला, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ही गोष्ट योगायोगाचा पुरावा म्हणून सांगतात. मला तीत उलटेच दिसते. एका वॅटची मर्यादा जाणूनबुजून घातलेली होती, आणि ती पाळताना झालेली सावधगिरीही जाणूनबुजून होती. अनपेक्षित होते ते फक्त परिणामाचे मान. शिवाय त्या क्षणी कोणाच्याही डोळ्यांपुढे बॅटरी नव्हती. या प्रोसेसरची पुढची आवृत्ती १९८७ मध्ये ज्या 'आर्किमिडीज' यंत्रात आली, ते टेबलावर ठेवून भिंतीतल्या प्लगला जोडायचे यंत्र होते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की श्रेय काटकसरीला देण्याऐवजी 'रिस्क' या कल्पनेलाच का देऊ नये? साध्या सूचना, म्हणून थोडे ट्रान्झिस्टर, म्हणून थोडी वीज, इतके सरळ आहे. पण इतिहास याला साथ देत नाही. मिप्स, सनचा स्पार्क, इंटेलचा आय-८६०, डिजिटल इक्विपमेंटचा अल्फा हे सगळे रिस्कच होते. त्यांनी साधेपणातून मिळालेली जागा वेग वाढवण्यासाठी खर्च केली आणि ते महागड्या वर्कस्टेशनांत जाऊन बसले. अल्फा तर आपल्या काळातल्या सर्वांत तापट प्रोसेसरांपैकी एक होता. उलट १९९६ साली आलेला पामचा 'पायलट' मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातल्या, म्हणजे जुन्या वळणाच्या, प्रोसेसरवर चालत असे, आणि दोन छोट्या ट्रिपल-ए सेलवर आठवडेच्या आठवडे चाले. म्हणजे रिस्क असून वीज खाता येत होती आणि रिस्क नसून वाचवता येत होती. कल्पनेने काटकसरीला वाट करून दिली एवढे खरे. त्या वाटेने जायचे की नाही, हे प्रत्येकाच्या बाजारपेठेने ठरवले. एकॉर्नची गिऱ्हाइके पाच आकडी डॉलर मोजणारी असती, तर केंब्रिजच्या त्याच अभियंत्यांनीही ती जागा वेगासाठी वापरली असती, असे मला वाटते.

बॅटरी या कथेत १९९० मध्ये आली, ती ॲपलच्या पावलांनी. हातात धरून लिहिता येईल असे 'न्यूटन' नावाचे यंत्र ॲपल बनवत होते आणि त्यासाठी एटी अँड टीचा एक प्रोसेसर त्यांनी आधी धरला होता. तो मनासारखा ठरेना, तेव्हा त्यांची नजर आर्मकडे वळली. पण एकॉर्न हा संगणकाच्या धंद्यातला प्रतिस्पर्धी, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातातल्या प्रोसेसरवर ॲपल विसंबणार नव्हते. म्हणून २७ नोव्हेंबर १९९० रोजी आर्म ही वेगळी कंपनी निघाली. ॲपलने १५ लाख पौंड घातले, व्हीएलएसआयने डिझाइनची साधने दिली, आणि एकॉर्नने आराखडा व बारा अभियंते दिले. केंब्रिजजवळच्या स्वाफम बुलबेक गावातल्या एका जुन्या धान्याच्या कोठारात कचेरी थाटली. नव्या पिढीच्या गाभ्यात ॲपलच्या गरजेप्रमाणे बदल झाले. त्यातला एक महत्त्वाचा असा, की घड्याळाचा ठोका पूर्ण थांबवला तरी आतली माहिती जशीच्या तशी राहावी. काम नसेल तेव्हा ठोका थांबवायचा आणि बॅटरी वाचवायची, हे त्यामुळे शक्य झाले. न्यूटन १९९३ मध्ये विक्रीला आला, फारसा चालला नाही, आणि १९९८ मध्ये ॲपलने तो बंद केला. ज्या उपकरणासाठी ही कंपनी काढली, ते उपकरणच बुडाले. द्रष्टेपणाची कथा सांगणाऱ्यांना इथे अडखळावे लागते.

कंपनी मात्र बुडाली नाही, याचे कारण तिच्या धंद्याच्या रीतीत आहे. चिप बनवण्याचा कारखाना काढायला जो पैसा लागतो, तो या बारा जणांकडे असणे शक्यच नव्हते. रॉबिन सॅक्सबी यांनी सूत्रे हाती घेतल्यावर ठरले ते असे: चिप विकायचीच नाही. घर न बांधता घराचा नकाशा विकावा, तसा गाभ्याचा आराखडा परवान्यावर द्यायचा. आधी एकरकमी शुल्क घ्यायचे आणि पुढे बनणाऱ्या प्रत्येक चिपमागे थोडी रॉयल्टी. १९९२ मध्ये शार्प, १९९३ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, १९९४ मध्ये सॅमसंग असे परवानेधारक जमत गेले. आता हा व्यवहार चालण्यासाठी गाभा लहान असणे अत्यावश्यक होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला फोनच्या चिपवर स्वतःचे रेडिओ-संकेतांचे सर्किट बसवायचे होते. तिथे दुसऱ्याच्या गाभ्याला मिळणार तो एक कोपरा. कोपऱ्यात मावेल एवढाच गाभा विकला जाणार. १९८५ साली चमूच्या हातात माणसे नव्हती म्हणून जो लहानपणा आला, तोच आता विकायचा माल झाला. धंद्याच्या या रीतीवर माझा भर यासाठी आहे की तिच्याशिवाय आर्मचा कमी विजेचा प्रोसेसर हा एका छोट्या ब्रिटिश संगणकातला चांगला प्रोसेसर म्हणून विसरला गेला असता. १९८० आणि ९०च्या दशकांत चांगले प्रोसेसर बरेच होते. दुसऱ्याच्या चिपमध्ये मुकाट्याने जाऊन बसणारे मात्र फार थोडे होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा नोकियाच्या निमित्ताने मिळतो. १९९०च्या दशकाच्या मध्याला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स नोकियासाठी जीएसएम फोनची चिप बनवू पाहत होती आणि आर्मचा गाभा तिच्या मनात होता. नोकियाचा आक्षेप विजेवर नव्हता, वेगावरही नव्हता. आक्षेप मेमरीवर होता. आर्मची प्रत्येक सूचना बत्तीस बिटांची, म्हणजे चार बाइटची. तोच प्रोग्राम इतर प्रोसेसरांसाठी लिहिला तर कमी बाइटांत मावे, आणि फोनमध्ये मेमरीची चिप हा खर्चातला मोठा वाटा. लाखो फोन बनवणाऱ्या कंपनीला प्रत्येक फोनमागे जास्तीची मेमरी परवडत नाही. शिवाय स्वस्त मेमरीचा रस्ता सोळा बिटांचा, म्हणून बत्तीस बिटांची एक सूचना आणायला दोन खेपा. यावर डेव्ह जॅगर यांनी जो तोडगा काढला, त्याला 'थंब' म्हणतात. नेहमी लागणाऱ्या सूचनांचे सोळा बिटांचे आखूड रूप ठरवायचे, मेमरीत ते आखूड रूपच साठवायचे, आणि गाभ्याच्या आत शिरल्यावर एका छोट्या सर्किटाने ते पुन्हा पूर्ण सूचनेत उलगडायचे. प्रोग्रामचा आकार सुमारे दोन-तृतीयांशावर आला. त्यासाठी काही सोडावेही लागले. प्रत्येक सूचनेला अट जोडता येणे ही आर्मच्या रचनेतली अभिमानाची गोष्ट होती. थंबमध्ये ती बहुतेक ठिकाणी गेली, आणि हाताशी येणारे रजिस्टरही निम्मे झाले. ज्यांनी मूळ रचनेवर प्रेम केले त्यांना हे रुचणे कठीण होते. पण १९९७च्या अखेरीस जाहीर झालेल्या नोकिया ६११० मध्ये 'आर्म-७-टीडीएमआय' हा थंब असलेला गाभा होता, आणि त्यानंतर हाच गाभा किती ठिकाणी गेला याला सीमा नाही. २००१च्या पहिल्या आयपॉडमधल्या चिपवर असे दोन गाभे होते, त्याच वर्षीच्या गेम बॉय ॲडव्हान्समध्येही तोच. २००४ मध्ये जाहीर झालेल्या 'कॉर्टेक्स-एम३'ने तर मूळच्या बत्तीस बिटी सूचनासंचाला रजाच दिली. त्याला फक्त थंबचा सुधारलेला संच समजतो. मेमरीतून कमी बाइट आणायचे म्हणजे कमी वेळा तारा हलवायच्या, आणि चिपबाहेरच्या तारा हलवणे हा विजेच्या दृष्टीने फार महागडा उद्योग. म्हणजे इथेही वीज वाचली, आणि इथेही सुरुवात पैशाच्या तक्रारीने झाली. याच गाभ्याच्या नावातले 'डी' आणि 'आय' ही अक्षरेही धंद्याची रीत सांगतात. दुसऱ्याच्या चिपमध्ये पुरलेल्या गाभ्याला बाहेरून पाय नसतात, मग प्रोग्राम लिहिणाऱ्याने चूक शोधायची कशी? म्हणून आत डोकावण्याची सोय गाभ्यातच बांधून दिलेली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा, की वीज वाचली ती मुळात ट्रान्झिस्टर लहान होत गेल्यामुळे. गाभ्याच्या रचनेचा वाटा किरकोळ. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये मांडले होते की ट्रान्झिस्टर जसा आकुंचन पावतो, तसे त्याला लागणारे व्होल्टही कमी करता येते. चालू-बंद होण्यात खर्च होणारी वीज व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून पाच व्होल्टवरून ३.३ व्होल्टवर आले की तेवढ्याने खर्च निम्म्याहून खाली येतो. हे निर्विवाद आहे. एका पिढीचा आर्म आणि पुढच्या पिढीचा आर्म यांच्यातल्या फरकाचे मोठे श्रेय कारखान्यांनाच आहे. पण हे वरदान कोणा एकाला मिळालेले नव्हते. इंटेलकडे जगातले सर्वोत्तम कारखाने होते. ट्रान्झिस्टर सगळ्यांत आधी तिचेच लहान होत. तिने ती बचत वेगात आणि ट्रान्झिस्टरांच्या संख्येत गुंतवली, कारण तिच्या गिऱ्हाइकाला तेच हवे होते. सर्वांना सारखी मिळालेली गोष्ट, एक घराणे फोनमध्ये गेले आणि दुसरे का गेले नाही, याचे उत्तर देऊ शकत नाही. याच धाग्याने कोणी म्हणेल की फोनमध्ये पडदा आणि रेडिओच जास्त वीज खातात, प्रोसेसरच्या वाट्याला येते ती किती? पडदा विझलेला आणि रेडिओ अधूनमधूनच जागा होत असताना तास न् तास जो किंचित खर्च चालू असतो, तिथे लहान, थांबवता येणारा गाभा उपयोगी पडतो; आणि त्या सुरुवातीच्या फोनांचे आयुष्य बहुतांशी अशाच वाट पाहण्यात जाई.

इंटेलला हे जमत नव्हते असेही नाही, आणि हाच या चर्चेतला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या, अल्फा घडवणाऱ्या परंपरेतल्या अभियंत्यांनी आर्मचा परवाना घेऊन १९९६ मध्ये 'स्ट्राँगआर्म' काढला. अर्ध्या वॅटच्या आसपास खर्चून तो इतर आर्मच्या कितीतरी पट वेगाने चाले. न्यूटनच्या शेवटच्या आवृत्त्यांत तोच होता. पुढे न्यायालयीन वादाच्या तडजोडीत हा सगळा संसार इंटेलच्या पदरात पडला. म्हणजे १९९८च्या सुमाराला आर्मचा परवाना, कमी विजेत पारंगत झालेली रचना आणि उत्तम कारखाने हे तिन्ही इंटेलच्या हाती होते. तिने त्याचा 'एक्सस्केल' केला, काही वर्षे चालवला आणि २००६ मध्ये तो विभाग ६० कोटी डॉलरना मार्व्हलला विकला. सहा-सात महिन्यांत स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला, तो सॅमसंगने बनवलेल्या आर्म चिपसह. तंत्राचा अभाव हे कारण इथे लागूच पडत नाही. टेबलावरच्या संगणकाच्या प्रोसेसरमागे जो नफा सुटतो, त्याची सवय लागलेल्या कंपनीला काही डॉलरच्या चिपसाठी आपला कारखाना अडकवणे जिवावर येते. काटकसर हा तंत्राचा गुण असण्याआधी धंद्याच्या रचनेचा गुण असतो, हे माझे म्हणणे इथे सर्वांत स्पष्ट दिसते. २००८ मध्ये इंटेलने 'ॲटम' आणून पुन्हा प्रयत्न केला आणि २०१६ मध्ये फोनसाठीच्या त्याच्या पुढच्या आवृत्त्या रद्द केल्या.

माझ्या युक्तिवादाची मर्यादा मात्र सांगायला हवी. पैसा आणि वीज यांची जोडी २००५च्या आगेमागे तुटली. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून प्रवाह गळू लागला, आणि व्होल्ट आणखी उतरवणे कठीण झाले. संगणकांच्या जगात याचा धक्का २००४ मध्येच बसला होता. उष्णतेपायी इंटेलला पेंटियम-४चा वारस सोडून द्यावा लागला. आतापर्यंत कमी ट्रान्झिस्टर म्हणजे कमी वीज हा हिशेब चाले. आता उलटे करावे लागले: वीज वाचवण्यासाठी जास्तीचे ट्रान्झिस्टर खर्च करायचे. चिपचे झोपलेले भाग पुरवठ्यापासूनच तोडणारी सर्किटे आली, गरजेप्रमाणे व्होल्ट वरखाली करणारी व्यवस्था आली. २०११ मध्ये आर्मने एकाच चिपवर एक ताकदवान आणि एक मितखर्ची असे दोन जातींचे गाभे ठेवून काम पाहून वाटून देण्याची पद्धत जाहीर केली. बहुतेक वेळ मोठा गाभा झोपून राहणार हे ठाऊक असताना त्याच्यासाठी सिलिकॉन मोजायचे, हे १९८५च्या चमूला परवडलेच नसते. विजेसाठी म्हणून वीज वाचवण्याचे शास्त्र खऱ्या अर्थाने इथून पुढचे आहे, आणि त्याचे श्रेय गरिबीला देता येणार नाही. त्यामागे मोठमोठे चमू आणि भरपूर पैसा आहे.

पैशाचा दाब दुसरीकडून मात्र चालूच राहिला. परवान्याची जी रीत आर्मला जगवून गेली, तिचे शुल्क छोट्या कंपन्यांना आणि विद्यापीठांना जड वाटू लागले. २०१० मध्ये बर्कलीलाच, जिथल्या निबंधांनी एकॉर्नला वाट दाखवली होती तिथे, कोणीही विनामूल्य वापरावा असा 'रिस्क-फाइव्ह' हा सूचनासंच आकाराला येऊ लागला. सॉफ्टबँकेने २०१६ मध्ये २,४०० कोटी पौंडांना आर्म विकत घेतले. एन्व्हिडियाने २०२० मध्ये ती घेण्याचा करार केला आणि २०२२ मध्ये तो मोडला. या दोन वर्षांत परवानेधारकांना पुन्हा जाणवले की आपला गाभा दुसऱ्याच्या मालकीचा आहे. आपल्याकडे मद्रास आयआयटीने याच खुल्या संचावर 'शक्ती' हा प्रोसेसर घडवला आणि त्याची एक आवृत्ती २०१८ मध्ये पंजाबातल्या मोहाली इथल्या सरकारी कारखान्यात १८० नॅनोमीटरच्या जुन्या तंत्राने बनवून चालवून दाखवली. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्रानेही 'वेगा' हे प्रोसेसर याच संचावर उभे केले. विजेच्या मापात ते आर्मच्या ताज्या गाभ्यांना हरवतात म्हणून कोणी त्यांच्याकडे वळणार नाही. वीजमीटर, शेतातले ओलावा मोजणारे यंत्र, स्मार्ट कार्ड अशा वस्तूंत प्रत्येक नगामागे रॉयल्टी द्यायची की नाही, या हिशेबाने ते निवडले किंवा नाकारले जातील.